काळा वॉकी, पिवळा वॉकी

श्रीपतच्या खळ्यावर, रस्त्याखालच्या मोरीच्या डाव्या अंगाला, यंदाच्या आषाढात एवढं होतं: चाळीस मीटर उंचीचा एक मनोरा, त्याच्या पायाशी पत्र्याची दोन कपाटं, एक जनरेटर, भोवती तारेचं कुंपण, कुंपणाला एक फाटक आणि फाटकाला दोन कुलुपं. एका कुलपाची किल्ली कंपनीकडे, दुसऱ्याची शासनाकडे. आत जायचं तर दोघांनी एकाच वेळी यावं लागे, आणि मे महिन्यापासून ते एकदाच जमलं होतं. कुंपणाबाहेर श्रीपतची उपडी घातलेली होडी, भात झोडायचा बाक, शेणखताचा ढीग. घरात, देवाच्या फळीखाली, दोन वॉकी चार्जिंगला. एक काळा, एक पिवळा.

काळा कंपनीने दिला होता, कारण मनोरा श्रीपतच्या जागेवर होता. पिवळा शासनाने दिला होता, कारण खाडीच्या बांधातली उघाडी श्रीपतच्या हातात होती. दोन्ही एकाच कारखान्यातले, एकाच मापाचे. एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत होती. श्रीपतची सून हंसा हिने ते करून पाहिलं होतं.

नायगावच्या पूर्वेला खाडीकाठच्या खाजणात श्रीपतची दोन एकर भातशेती. डोंगराकडून येणारा नाला रस्त्याखालच्या मोरीतून शेतात उतरतो, शेतांच्या टोकाला बांध आहे, आणि बांधाच्या पोटात उघाडी. उघाडी म्हणजे खाचेत बसवलेल्या चार फळ्या. खाडीला भरती आली की त्या पाडायच्या, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की उचलायच्या, म्हणजे पावसाचं गोडं पाणी खाडीत जातं. आणि उघाडी पडलेली असेल तेवढा वेळ वरची मोरीही बंद ठेवायची, नाहीतर डोंगराचं पाणी शेतात साचून बांध आतून फुटतो. उघाडीवर श्रीपत, मोरीवर हंसा. मधलं अंतर तेराशे मीटर.

पूर्वी मोरीवरून उघाडी दिसायची. श्रीपत डोक्याचं फडकं सोडून हलवायचा. मग मधल्या चार शेतांत भराव पडला, त्यावर कॉलनी उभी राहिली, आणि फडकं दिसेनासं झालं. तेव्हापासून मिस्कॉल. एक मिस्कॉल म्हणजे उघाडी उघडली. दोन म्हणजे बंद. बारा वर्षं घरात हेच चाललं होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती. उलट एकदा श्रीपतच्या बहिणीने सणाच्या आमंत्रणासाठी भर भरतीत फोन लावला, तेव्हा त्याने तिला महिनाभर धारेवर धरलं होतं.

वॉकी मिळाले ते शाळेतल्या प्रशिक्षणात. आपत्ती कक्षाच्या रीमा मॅडम आणि कंपनीचा हर्षवर्धन नावाचा इंजिनियर, दोघं मिळून शिकवत होते. बाकांवर बावीस स्वयंसेवक, तुळिंजपासून चंदनसारपर्यंतचे. हंसा दाराशी, नणंद दीपिकाच्या शेजारी बसली होती. दीपिका बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वहीत आकृती काढत होती.

"हवेत लहरींचे पट्टे असतात," हर्षवर्धन सांगत होता. "त्यातला एक शासनाने पूर, आग अशा वेळेसाठी राखून ठेवलाय. पण पूर काय रोज येत नाही. म्हणून एरवी तो पट्टा आमची कंपनी वापरणार, आमच्या गिऱ्हाइकांसाठी. बदल्यात मनोरे आम्ही उभे करायचे. आपत्ती जाहीर झाली, की गिऱ्हाईक बाजूला आणि पट्टा शासनाचा."

श्रीपत उभा राहिला. "म्हंजे पट्टा कोनाचा?"

"दोघांचा, काका. भागीदारी आहे."

"आनि आमी? आमी गिऱ्हाईक का शासन?"

हर्षवर्धनने रीमा मॅडमकडे पाहिलं. "साधा फोन हातात असेल तेव्हा गिऱ्हाईक," मॅडम म्हणाल्या. "पिवळा वॉकी असेल तेव्हा शासन."

"आनि काला आसंल तवा?"

"तेव्हा साइट होस्ट, मनोऱ्याचे जागावाले," हर्षवर्धन म्हणाला.

"म्हंजे घरातल्या घरात तीन पार्ट्या," पाठीमागून रिचर्ड बोलला. रिचर्डचं कोळंबीचं तळं श्रीपतच्या बांधाला लागून होतं. "श्रीपत, रातचा जेवताना कोण कोणाला भात वाढणार रे?"

वर्ग हसला. हंसाने तेवढ्यात विचारलं, "मॅडम, यावर मिस्कॉल जातो काय?"

आता हसू आणखी मोठं झालं. "ताई, मिस्कॉल कशाला?" हर्षवर्धन म्हणाला. " बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. फुकट आहे."

मग चाचणी झाली. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं होतं. श्रीपतने पिवळा वॉकी तोंडाशी धरला, घसा खाकरला आणि जोरात म्हणाला, "पानी आयलं! उघारी पारली!" ते वाक्य खोलीतल्या बावीसही वॉकीतून एकदम बाहेर आलं. लगेच कोणीतरी आपलं बटण दाबून तस्साच आवाज काढला, "पानी आयलं, पानी आयलं," आणि तेही बावीस वॉकीतून आलं. मागोमाग हसू, बावीस पेट्यांतून. श्रीपतने वॉकी सदऱ्याला पुसला आणि बाकावर ठेवला. परत जाताना वाटेत तो एवढंच म्हणाला, "यावर बोलायचं नाय. सगल्या गावाला आयकू जातं."

"मग कसं करायचं, बाबा?" हंसाने विचारलं.

"टूक हाय की."

बटण दाबून लगेच सोडलं की दुसऱ्या वॉकीत टूक असा आवाज येतो, हे त्याने चाचणीत पाहून ठेवलं होतं. ठरलं ते असं. फोन चालत असेल तर मिस्कॉल. फोन बंद पडला तर वॉकी. हंसाने एक टूक दिला म्हणजे ती विचारतेय. श्रीपतने उलट एक दिला म्हणजे उघडली, दोन दिले म्हणजे बंद आहे, मोरीला हात लावू नको. शाळेच्या आवारातच, पन्नास पावलांवर उभं राहून दोघांनी ते सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा बरोबर आलं.

आषाढी अमावास्येला पाऊस तिसऱ्या दिवसावर गेला. लावणी होऊन नऊ दिवस झाले होते. रोपांनी मूळ धरलं होतं, पण अजून पातळ होती. श्रीपतच्या हिशेबाने तिथीच्या पाऊणपट तास बारात मिळवले की भरतीची वेळ निघते. अमावास्येला तिथी शून्य धरायची, म्हणून ती बाराला येते, आणि खाडीतून उघाडीपर्यंत पोचायला आणखी चाळीस मिनिटं. दीपिकाने मोबाइलवर पाहिलं तर बारा बेचाळीस. "बाबा, तुम्ही दोन मिनिटं मागे," ती म्हणाली.

"मोबाइल दोन मिनिटं म्होरं," तो म्हणाला आणि पिवळा वॉकी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ घेऊन बांधाने निघाला. एरवी फळ्या उचलायला मुलगा हरेश बरोबर असे. पण हरेश वालीवच्या कारखान्यात कामावर अडकला होता, आणि रस्त्यात कंबरभर पाणी होतं.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी हंसाच्या फोनवर दोन मिस्कॉल आले. उघाडी बंद. तिने मोरीच्या खाचेत एकेक फळी उतरवली, वरून पाय देऊन बसवली, फटीत चिखल आणि गवत कोंबलं. पाणी मोरीच्या वरच्या अंगाला चढायला लागलं. आता ओहोटीने खाडी पुरती उतरेपर्यंत, म्हणजे साधारण तीनपर्यंत, थांबायचं. ती मोरीच्या कठड्यावर काळा वॉकी छातीशी धरून बसली. मांडीपर्यंत साडी ओली, पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. दीपिका अधूनमधून घरातून चहा आणत होती.

सव्वा एकच्या सुमारास फोनची तऱ्हा बदलली. वरच्या कोपऱ्यात पाचही काड्या भरलेल्या, पण हरेशला लावलेला फोन लागेना. दीपिकाचाही लागेना. "वैनी, सिग्नल फुल आहे," दीपिका म्हणाली, "आणि कॉल फेल."

"मनोरा तर आपल्या खल्यावर हाय."

"तोच तर बाजूला करतोय आपल्याला. आपत्ती जाहीर झाली असणार."

हंसाने मनोऱ्याकडे पाहिलं. वरचा लाल दिवा लुकलुकत होता. आपल्याच जागेवर उभा राहून तो आपल्याला बाजूला कसा करतो, हे तिला उमगेना. पण वॉकी होता.

अडीचला मोरीच्या वर तुंबलेलं पाणी रस्त्यावरून कॉलनीच्या फाटकाच्या आत गेलं. वॉचमन धर्मा छत्री घेऊन आला, मागोमाग बी विंगमधली पिंकी, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"ओ ताई, त्या फळ्या काढा ना. मीटर रूमच्या पायरीला पाणी लागलंय."

"अजून उघारी उघरली नाय. उघरल्याबिगर नाय काढता येत."

"म्हणजे तुमच्या शेतासाठी आमचे मीटर घालवायचे? खाली माझ्या सासूबाई आहेत, त्यांचा ऑक्सिजनचा मशीन लाइटवर चालतो."

"खाली आमचा बाबा बी हाय. बांधावं एकटा."

"मग विचारा ना त्यांना. हातात तो काय धरलाय?"

"भाभी, सेक्रेटरी साब बोले, मैं निकाल दूँ क्या?" धर्माने फळीच्या दोरीला हात घातला.

"हात नको लावू," हंसा म्हणाली. तिने काळा वॉकी तोंडाजवळ नेला आणि न बोलता बटण दाबून सोडलं. विचारणा गेली. उत्तर आलं नाही. तिने मनात शंभर मोजले आणि पुन्हा दाबलं. काही नाही.

"बोला ना त्यात," पिंकी म्हणाली. "मुक्या आहात का?"

हंसाचे कान गरम झाले. बोलावंसं तिलाही वाटलं. पण बोललं की सगळ्या शहराला ऐकू जाणार. बाबाच्या हातातल्या वॉकीतून ते मोठ्याने निघणार आणि त्याला पुन्हा तो शाळेतला दिवस आठवणार. शिवाय ठरलेलं ठरलेलं होतं. बाबा बोलणार नाही, टूकच देणार.

तीन वीसला तिने दीपिकाला पिटाळलं. "बांधानं जा नि बग. उघारी उघरली आसंल तर परत कॉलनीच्या भिंतीच्या कोपऱ्यावं येऊन दोन्ही हात वर कर. मना तिथं दिसशील." दीपिका चपला हातात घेऊन धावली. त्या चिखलात तेराशे मीटर म्हणजे वीस मिनिटं तरी.

पाणी मीटर रूमची दुसरी पायरी चढलं. आता फाटकाशी दहाबारा माणसं जमली होती. एकाने फोनवर चित्रण सुरू केलं होतं आणि तो कॅमेऱ्याला सांगत होता की हीच ती बाई. हंसाने तोंड फिरवलं आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं.

तीन वाजून छत्तीस मिनिटांनी काळ्या वॉकीत आवाज आला. टूक.

ती ताठ उभी राहिली. दुसरा येतो का, याची तिने वाट पाहिली. वीसपर्यंत मोजले. पाऊस वाजत होता म्हणून वॉकी कानाला लावून पुन्हा वीस मोजले. दुसरा आला नाही. एकच होता.

"उघरली," ती म्हणाली. "धर्मा, तिकरची दोरी धर."

पहिली फळी निघाली आणि पाणी मोरीच्या पोटात असं शिरलं की कठडा पायाखाली थरथरला. मग दुसरी, तिसरी. कॉलनीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिंकी म्हणाली, "थँक्यू ताई," आणि पळत आत गेली. चौथी फळी काढून हंसा वर आली, तेव्हा तिला भिंतीच्या कोपऱ्यावर दीपिका दिसली. तिचे हात वर नव्हते. ती दोन्ही हात आडवे उडवत होती आणि ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

हंसाने फळी परत खाचेत घालायचा प्रयत्न केला. वाहत्या पाण्यात फळी उभी राहत नाही. पहिली हातातून गेली, दुसरीने धर्माच्या नडगीला मार दिला. तिसरी दोघांनी मिळून दाबून धरली, पण ती तिरकी होऊन निघाली आणि पाण्याबरोबर शेतात गेली.

श्रीपत सहा वाजता घरी आला, रिचर्डच्या खांद्यावर हात टाकून. छातीपर्यंत चिखल, उजव्या तळहाताची साल गेलेली. उघाडीच्या फळ्या पाण्याने फुगल्या होत्या आणि खाडीतून वाहत आलेली एक गादी त्यांच्यापुढे अडकली होती. अडीच वाजल्यापासून तो त्या एकट्याने उचलत होता. एकही हलली नाही. मग मोरीचं पाणी आलं, आतून चढलं, आणि उघाडीच्या डाव्या हाताला बांध बसला.

"नऊ हात," रिचर्ड म्हणाला. "मी बघितला, असा बसला. माझा तळा पण गेला त्यात." त्याने चहा घेतला नाही. दारातूनच परत गेला.

श्रीपत ओटीवर बसला. हंसाने गरम पाणी आणून त्याच्या पायांवर ओतलं.

"मी दोनदा दाबलं, हंसा," तो म्हणाला. "दोनदा, मग थांबून परत दोनदा. नऊ खेपा दाबलं."

"मना एक आयला, बाबा. एकच. मी वीस मोजले, परत वीस मोजले."

त्याने पिवळा वॉकी पिशवीतून काढून जमिनीवर ठेवला. तिने काळा त्याच्या शेजारी ठेवला. मग श्रीपतने पिवळ्याचं बटण दाबून सोडलं. काळा गप्प. हंसाने काळ्याचं दाबलं. पिवळाही गप्प, आणि मग त्यातून कोणीतरी पुरुष म्हणाला, "चंदनसारला झाड पडलंय, कटर पाठवा."

मध्यरात्रीची भरती फुटलेल्या बांधातून आत आली. दुसऱ्या दुपारचीही आली. उधाण उतरेपर्यंत बांध बांधता येईना; तिथी वाढत गेली तसं पाणी कमी चढायला लागलं, आणि अष्टमीला गावातली चौदा माणसं, हरेश आणि रिचर्ड धरून, चिखल आणि गोण्या घालून ते नऊ हात बुजवायला उतरली. हंसा गोण्या भरत होती. तिने रिचर्डकडे गोणी दिली तेव्हा त्याने ती तिच्याकडे न बघता घेतली.

त्याच दिवशी रीमा मॅडम आणि हर्षवर्धन आले. दोघांनी आपापलं कुलूप उघडलं, कपाटं पाहिली, आणि मग बांधावर चालत येऊन हर्षवर्धनने उघाडीवर उभं राहून हातातल्या यंत्रावर सिग्नल मोजला. "उणे अडुसष्ट. एकदम छान आहे." तो खूश झाला.

"मग बाबांनी दाबलेलं गेलं कुठं?" हंसाने विचारलं. हाताला गोणीचा चिखल तसाच होता.

रीमा मॅडमनी कागद काढला. "आमच्याकडे पोचलं की. दोन बावन्नपासून तीन एकतीसपर्यंत अठरा वेळा. एकही सुटलं नाही. पण कोणी बोललंच नाही, म्हणून चुकून बटण दाबलं गेलं, अशी नोंद झाली."

"आनि माजं?"

"तुमचं आमच्या देखभाल कक्षाकडे आलं," हर्षवर्धन म्हणाला. "तिथल्या माणसाने आवाज दिला नाही, नुसतं बटण दाबून पोच दिली. तीन छत्तीसला."

"म्हंजे तो टूक तुमचा?"

"आमच्या माणसाचा. हो."

"पन शालेत तर काल्याचं पिवल्याला जात व्हतं. आमी सहा वेला केलं."

"शाळेत त्या दिवसापुरते सगळे एका गटात होते," मॅडम म्हणाल्या. "नंतर पिवळे आमच्या गटात गेले, काळे त्यांच्या. तेव्हाच सांगितलं होतं."

हंसा आठवू लागली. चाचणी संपत आली तेव्हा चहाचे पेले आले होते, एवढंच तिला आठवलं.

"दोन गट कशाला?" श्रीपतने विचारलं. "पट्टा तर दोगांचा."

"पट्टा दोघांचा, काका. गट वेगळे."

"मग मी नि माजी सून एका गटात कवा?"

रीमा मॅडमनी हर्षवर्धनकडे पाहिलं. हर्षवर्धन म्हणाला की त्यासाठी शासनाची मंजुरी लागेल. मॅडम म्हणाल्या की मंजुरी आहे, पण गट बदलायची सोय कंपनीकडे आहे. मग दोघं थोडं बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन म्हणाले, अर्ज करा.

"कोनाकं?" हंसाने विचारलं.

"दोघांकडे एकेक प्रत," मॅडम म्हणाल्या.

हंसाने मान हलवली. समजलं म्हणून नव्हे; मॅडमची चप्पल चिखलात रुतली होती आणि त्यांना जायची घाई दिसत होती. श्रीपतने फावडं उचललं आणि तो पुन्हा बांधात उतरला.

पौर्णिमेच्या आधी दोन दिवस ऊन पडलं. शेतातलं पाणी निथळलं होतं, जमिनीवर मिठाची पांढुरकी साय धरली होती. किती रोपं जगली ते मोजायला दीपिकाने कामट्यांची एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी चौकट बांधली. कुठे टाकायची हे आपण ठरवायचं नाही, असं ती म्हणाली. म्हणून हंसाने डोळे मिटून ती दहा वेळा वेगवेगळ्या जागी फेकली. प्रत्येक वेळी दोघी उकिडव्या बसत. हंसा एकेक चूड, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचा झुबका, बोटांनी फाकवून कोंब पाही, मुळाशी नखाने टोचून बघे, आणि सांगे. दीपिका लिही. श्रीपत बांधावर बसून होता. त्याने किती झाले विचारलं नाही.

दुपारी दीपिकाने बेरीज केली आणि ती तपासून पुन्हा केली. मग वही हंसाकडे दिली. हंसाने आकडे मोठ्याने वाचले, श्रीपतला ऐकू जाईल असे.

दहा चौकटींत मिळून चूड दोनशे त्रेचाळीस. हिरवे एकावन्न.